घंटी बसवली, सर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तशी मी पोटात काही ठेवणारी बाई नव्हे. आमच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी ते गल्लीला माझ्याकडूनच कळतं. पण ही एक गोष्ट मात्र इतकी वर्षं अशी दाबून ठेवलीय, की कधीकधी मलाच वाटतं, ती घडलीच नसावी. घडली होती. माजलगावात, भरदिवसा, चार माणसांत.

ऐकून कदाचित तुम्हाला हसू येईल. कारण गोष्ट एका खिडकीची आहे. भिंतीतली नव्हे, संगणकाच्या पडद्यावर उघडते ती. तळहाताएवढी करडी चौकट, तिच्यात एक प्रश्न, प्रश्नाखाली रिकामा रकाना आणि तळाला दोन बटणं. एवढ्याशा चौकटीनं माणसाचं काय वाकडं होणार? मलाही तेव्हा असंच वाटलं होतं.

पण आधी शेटे सरांबद्दल सांगते. त्यांच्याबद्दल सांगायचं म्हटलं की मी नेहमी चांगलं तेवढंच सांगते. आजही तिथूनच सुरुवात करतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

मोंढ्याजवळ एका आडतीच्या माडीवर सरांचा टायपिंग क्लास होता. खाली ज्वारीची पोती, वर आठ मशिनी. बारावीनंतरच्या सुट्टीत वडिलांनी मला तिथं घातलं. आमचं कापडाचं दुकान आणि सरांचं घर एकाच गल्लीत, दोघांचा मठही एकच, त्यामुळे फीचा विषय दोघांनीही काढला नाही. सर म्हणजे कपाळाला विभूती, पांढरा शुभ्र शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. ते मागं उभे राहत. आपली नजर जरा की-बोर्डवर घसरली की हातावर वही आडवी यायची. "नजर कागदावर, उमे. बोटाला डोळे आसतेत."

आणि घंटी. टाइपरायटरवर ओळ संपत आली की एक बारीकशी घंटी वाजते, तुम्हाला आठवत असेल. सरांचा तिच्यावर फार जीव. म्हणायचे, "वळ संपायला आली की मशीनच सांगतंय. मग आपुन कशाला मान वर करायची?" तास न् तास ते मान वर न करता टाइप करायचे. तहसिलीत आणि कोर्टात सरांनी टाइप केलेला कागद वाचायची पद्धतच नव्हती. वकील मंडळी नुसती सही ठोकायची. "शेट्यांचा कागद हाय" एवढं म्हटलं की झालं.

मी औरंगाबादला जाऊन संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि परत आले, तोवर गावाचा नूर बदलला होता. जिथंतिथं एसटीडीची पिवळी पाटी, डिशच्या छत्र्या, आणि काचेच्या दाराचे कॉम्प्युटर क्लास. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. सरांची माडी ओस पडली. मशिनी एकेक करून भंगारवाल्याकडे गेल्या. एक मराठी मशीन तेवढी त्यांनी ठेवली.

मला एका संस्थेत नोकरी लागली. लहान मुलांच्या कुपोषणाचं काम होतं. आमच्या भागातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. परतली की एक ते दोन वर्षांच्या लेकरांची वजनं घ्यायची, आणि ज्या गावात खंगलेली मुलं जास्त, तिथं आहार केंद्र सुरू करायचं. अंगणवाडीच्या बाया वजनं कागदावर भरून आणत. तो ढीग संगणकात घालायचा कुणी, हा प्रश्न होता.

आमच्याकडे आकडेवारीचं एक इंग्रजी पॅकेज होतं. काळा पडदा, त्यावर हुकूम टाइप करायचे, एक स्वल्पविराम चुकला तरी ते रुसायचं. आमचे प्रमुख — त्यांना सगळे अण्णा म्हणत — म्हणाले, "उमा, असं काही कर, की साध्या माणसालाही भरता येईल." त्या पॅकेजला खिडक्या उघडायला लावता येतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. महिनाभर डोकं घातलं आणि खिडक्या तयार केल्या. मुलाचा नंबर काय? वय किती महिने? वजन किती किलो? प्रत्येक प्रश्न मराठीत! पडद्यावर मराठी अक्षर दिसणं हीच तेव्हा बातमी होती. बीडहून माणसं बघायला आली. मी जमिनीच्या अर्धा इंच वरून चालत होते.

आता जरा नीट ऐका, म्हणजे माझी चूक कुठं आहे ते कळेल. वजन भरून एंटर दाबलं की "नोंद झाली" अशी एक छोटी खिडकी यायची. पुन्हा एंटर दाबलं की ती जायची आणि पुढचं मूल. म्हणजे वजन, एंटर, एंटर. पण वजन फारच कमी असेल, तर तिच्याऐवजी दुसरी खिडकी यायची — "हे वजन अशक्य वाटते. सरासरी घ्यायची?" खाली हो आणि नाही. कुणी साताच्या जागी चुकून एक दाबला तर पकडता यावं, म्हणून. संस्थेला सल्ला द्यायला पुण्याहून पाहुणे तज्ज्ञ यायचे, त्यांनी फक्त "शंका आली तर विचारा" एवढंच सांगितलं होतं. सरासरीची अक्कल माझी. नऊ किलो दोनशे ग्रॅम, हा आकडाही मीच घालून ठेवला. आणि काय अशक्य, हे कसं ठरवलं? एका पुस्तकातल्या तक्त्यावरून. त्या तक्त्यातली मुलं आमच्या सिंदफणा नदीच्या काठावर कधी आली नव्हती.

पहिलं बटण हो होतं. न बघता एंटर दाबलं, तर उत्तर हो. आणि हो म्हटलं की "नोंद झाली" न दाखवता गाडी थेट पुढच्या मुलावर. म्हणजे इथंही एंटर दोनच. हातांना काही फरक कळू नये, अशीच व्यवस्था मी करून ठेवली होती. मुद्दाम नव्हे हो. पण मुद्दाम केली असती तर याहून चांगली जमली असती का?

भरायला माणूस हवा म्हटल्यावर सरांचं नाव मीच सुचवलं. मला वाटलं, मी मोठे उपकार फेडतेय. सर आले, खुर्ची पुसली, बसले. सगळ्यांसमोर मला "मॅडम" म्हणाले, आणि अण्णा आत गेल्यावर हळूच, "उमे, लई नाव काढलंस." मग पाच मिनिटं खिडक्या बघितल्या आणि एकच प्रश्न विचारला. आकडा चुकला तर हे यंत्र आवाज देतं का, घंटी वाजते तशी? म्हणजे मान वर करायला नको.

इतका शहाणा प्रश्न त्या खिडक्यांबद्दल कुणीच विचारला नव्हता. बीडहून आलेल्यांनी रंग चांगला आहे म्हटलं होतं. मी म्हणाले, "बसवते, सर." दोन ओळींचं काम. संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी कुणीतरी चहाला आलं. दुसऱ्या दिवशी सरांनी बसल्या बसल्या विचारलं, "घंटीचं झालं का?" मी कुठल्याशा कागदात डोकं घालून बसले होते. झालं नाही म्हणायला कसंसंच वाटलं, म्हणून म्हणाले —

"घंटी बसवली, सर."

एवढंच. तीन शब्द. दुपारी बसवून टाकू, मग ते खोटं राहणार नाही, असा हिशोब. तुम्ही कधी केलाय असला हिशोब? दुपारी मी विसरले. मग रोजच विसरले. नंतर विसरले आहे हेही विसरले.

सर भरत राहिले. काय तो वेग! कागदाचा गठ्ठा डावीकडे, नजर त्याच्यावर, आणि बोटं आपली चाललेली. वजन, एंटर, एंटर. वजन, एंटर, एंटर. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मला अभिमान वाटायचा. मान ते वर करत नाहीत, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मला मान वर न करायला शिकवणारे सरच होते.

केंद्राच्या गावांची यादी लागली आणि चौथ्या दिवशी वडवणीकडच्या एका गावच्या कौसल्याबाई कचेरीत येऊन उभ्या राहिल्या. अंगणवाडी चालवायच्या. काखेत रजिस्टर. त्यांचं गाव यादीत नव्हतं. अण्णांनी गावाचा छापील तक्ता काढून त्यांच्या हातात दिला, तर त्या बराच वेळ बोटानं आकडे शोधत राहिल्या.

"नऊ किलो दोनशे?" त्या म्हणाल्या. "ह्ये लेकरू? सायेब, म्या सोता काट्यावर घातलंय त्याला. पावणेसहा भरलं. मांजरीयेवढं हाय वो. माझी लेकरं कुटं गेली ह्यातली?"

अण्णांनी तक्ता घेतला. नऊ किलो दोनशे. तीन ओळींनंतर पुन्हा नऊ किलो दोनशे. त्या एका गावात अकरा वेळा. दुसऱ्या गावांचे तक्ते काढले, तिथंही तेच. अण्णा वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "शेट्यांनी बसल्या बसल्या आकडे ठोकलेत. कागद बघायचाही त्रास घेतला नाही."

तो आकडा मी पहिल्या नजरेत ओळखला. ओळखणारच, तो माझा होता. सगळे गेल्यावर मी संगणकाशी बसले, कौसल्याबाईंचा कागद डावीकडे ठेवला, आणि सरांनी शिकवल्यासारखी नजर कागदावर ठेवून टाइप केलं. पावणेसहा. एंटर, एंटर. मान वर केली, तर खिडकी पुढच्या मुलाचा नंबर विचारत होती. मागं जाऊन पाहिलं, पावणेसहाचे नऊ किलो दोनशे झाले होते. जी लेकरं खरोखर खंगलेली होती, नेमकी तीच माझ्या खिडकीला अशक्य वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगायचं, असं ठरवून मी कचेरीत गेले. ठरवून गेले होते, हे सांगून मला काय मिळवायचंय? काही नाही. ठरवणं आणि सांगणं यांत कचेरीचा एक जिना होता, एवढंच.

अण्णांच्या खोलीत आम्ही चौघं. अण्णा, कौसल्याबाई, सर आणि मी. सर उभेच होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. अण्णा म्हणाले, सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सरांनी तक्ता हातात घेतला, चष्मा लावला, ओळीवरून ओळ बघितली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यात. आपलं अक्षर आपल्यालाच ओळखू येऊ नये, तसा गोंधळ होता.

"म्या एक बी आकडा मनानं टाकला न्हाई, अण्णा," ते म्हणाले. "आन् चुकीचा गेला आसता तर घंटी वाजली आसती."

"कसली घंटी?" अण्णांनी विचारलं.

सर माझ्याकडे वळले. "हाय ना, मॅडम? बसवलीय ना घंटी?"

आता सांगते. एवढा वेळ ज्याच्याभोवती घिरट्या घालतेय, ते हेच. त्या वेळी मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. प्रोग्राम वाचू शकेल असं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर सर सुटले असते. आणि मी? नोकरी गेली नसती. अण्णा दोन दिवस बोलले नसते, पुण्याच्या पाहुण्यांनी भुवया उंचावल्या असत्या, माझ्या खिडक्यांचं कौतुक संपलं असतं. बस्स, तेवढंच गेलं असतं.

मी मान हलवली. हो म्हणून.

सरांनी तक्ता टेबलावर नीट ठेवला, कडा जुळवल्या आणि म्हणाले, "मंग वाजली आसंल. मलाच ऐकू आली न्हाई."

कळतंय का तुम्हाला, काय झालं ते? त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. त्यांनी स्वतःच्या कानांवर घेतला. माझ्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास होता, की तो खरा ठरवायला त्यांनी स्वतःला बहिरं करून टाकलं. मी समोर उभी होते. माझे हात पदराचं टोक गुंडाळत होते. कौसल्याबाई माझ्याकडेच बघत होत्या.

सर घरी गेले आणि त्याच दुपारी मी घंटी बसवली. दोनच ओळी. दहा मिनिटंही लागली नाहीत. मग सगळा गठ्ठा पहिल्यापासून मीच भरला. खंगलेलं मूल आलं की ती वाजायची. खणखणीत. बाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल अशी. हरवलेली लेकरं एकेक करून तक्त्यात परत आली. कौसल्याबाईंच्या गावाला केंद्र मिळालं, इतर गावांनाही मिळालं. अण्णांनी सभेत माझं नाव घेऊन सांगितलं, उमानं चूक शोधून काढली. टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या.

सरांचं नाव खराब होऊ नये म्हणून अण्णांनी आपल्या परीनं सांभाळून घेतलं. लबाडी म्हणाले नाहीत. वय झालंय, कान गेलेत, असं सांगितलं. गावातही तेच झालं. तहसिलीबाहेर सर पुन्हा मशीन घेऊन बसले, तेव्हा वकील त्यांचा कागद हातात घेऊन आधी वाचायला लागले. वाचून सही. सरांच्या बायकोनं माझ्या आईला सांगितलं, बीडला जाऊन कानांच्या डॉक्टरला दाखवून आलो. डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत आहेत. पण ह्यांचा विश्वास बसत नाही, म्हणतात मशीनच बिघडलेली असेल त्याची. आई मला हे हसत सांगत होती. मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

थोड्याच दिवसांत त्यांनी तहसिलीबाहेर बसणं सोडलं. मुलीकडे वडवणीला राहायला गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, हे सांगण्यात आता काय अर्थ आहे?

काही वर्षांनी कामानिमित्त वडवणीला गेले होते. बाजाराचा दिवस होता. बसस्टँडवर माजलगावच्या गाडीची वाट बघत होते, तर समोरून सर आले. शर्ट तसाच पांढरा, विभूती तशीच, चाल मात्र जपून. मला बघून आनंदले. पण उमे म्हणाले नाहीत. आसपास कुणी ओळखीचं नव्हतं, तरी मॅडमच म्हणाले. पिशवीतून एक कागद काढला. मुलीच्या रेशनकार्डाचा अर्ज. घरी त्या मराठी मशिनीवर स्वतः टाइप केलेला.

"येवढा वाचून देता का, मॅडम," ते म्हणाले. "घरात कुणाकडून वाचून घ्यावं तर त्यांना कट्टाळा येतोय. माझा मला भरवसा न्हाई राहिला."

मी वाचला. मग पुन्हा वाचला. खरं सांगू? मी चूक शोधत होते. एखादी वेलांटी, एखादा काना, काहीतरी चुकलेलं असावं, अशी मनातून इच्छा होती माझी. त्यांची बोटं खरंच थकली असती तर मला बरं वाटलं असतं. इतकी मी खाली गेले होते.

एकही चूक नव्हती. समास सरळ, ओळींची टोकं एका रेषेत.

"सगळं बरोबर आहे, सर," मी म्हणाले. बाजाराचा गलबला होता. त्यांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "बरोबर आहे."

त्या वेळी पुढचं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. एवढी मोठ्यानं बोलतच होते, आणखी तीन-चार शब्द बोलले असते. गाडी लागली. मी पिशवी उचलली.

खिडकीजवळ जागा मिळाली. सर खाली बाकावर बसले होते. कागद मांडीवर घेऊन, एकेका ओळीखाली बोट ठेवून ते तो पुन्हा वाचत होते. मी दोनदा बरोबर आहे म्हणून सांगितलेला कागद. आयुष्यभर मान वर न करणारा माणूस एकेक अक्षर तपासत बसला होता.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. वडवणी माजलगावपासून काही लांब नाही, दिवसातून कितीतरी गाड्या जातात. मी गेले नाही. ते गेल्याचं आईनं कळवलं, तेव्हाही मी घरी कामाचं निमित्त सांगितलं.

त्यांचे कान चांगले होते. त्यांची बोटं चांगली होती. घंटी वाजलीच नव्हती, कारण मी ती बसवलीच नव्हती.